कोंबड्या रुळेपर्यंत

माझ्या भावाला गावात सगळे सज्जन म्हणतात. म्हणोत बापडे. दिवाळी आटोपली तशी त्या सज्जन माणसाने आईला गाडीत बसवलं, पातूरकडून अकोल्याला आणून माझ्या दारात उतरवलं आणि चहासुद्धा न घेता निघाला. आईच्या हातात एक कापडी पिशवी होती. दोन लुगडी, चष्मा, गुडघ्याला लावायचं तेल, बस्स.

"चार दिवस राह्यजो बाईकडे. घरावरचे टिनं बदलून राहिलो मी," असं तो तिच्यासमोर म्हणाला. मग मला गेटच्या बाहेर नेऊन खरं काय ते सांगितलं. टिनं वगैरे काही नाही. आईची खोली पाडायची आहे, तिथे ट्रॅक्टरसाठी शेड घालायची आहे. नवीन ट्रॅक्टर उन्हात उभा राहतो. आणि तसंही माय दोनदा अंगणात पडली, तुझ्याकडे संडास-बाथरूम घरातच आहे, सुनेचं अन तिचं पटत नाही हे तुला माहीतच आहे. तर आता तिला तुझ्याकडेच राहू दे.

"तिले सांगतलं का हे?" मी विचारलं.

"तू सांगजो ना. तू मास्तरीन हाय, तुले समजावून सांगता येते."

मी पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना समजावून सांगते आहे, हे खरं आहे. पण आईला मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही नाही. आता कारणं सांगायला बसले तर खूप सापडतात. खरं कारण एकच होतं आणि ते काही चांगलं नव्हतं. आई आयुष्यभर भावाची होती. वावर त्याचं, घर त्याचं, माय त्याची. वडील गेले तेव्हा मी मुकाट्याने हक्कसोड करून दिली, कारण आमच्याकडे बहिणी तशीच सही करतात आणि वर माहेर तुटू नये म्हणून हसून फोटोही काढतात. आता नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मुलगा पुण्यात, घरात मी एकटी. मला आई हवी होती. पण घर मोडलं म्हणून नाइलाजाने थांबलेली आई मला नको होती. तिने एकदा तरी आपल्या तोंडाने म्हणावं, मी आता तुझ्याकडेच राहते. तेवढं ऐकायची मला हौस होती. म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

आईचं तोंड मात्र एक मिनिट बंद नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण भांडायला बसली की समोरच्याने पाणी मागावं. माझ्या कुकरच्या शिट्टीशी ती भांडली, फिल्टरच्या पाण्याशी भांडली. "पानी हाय का काय हे, चवच नाई." गादी फार मऊ म्हणून खाली चटईवर झोपली आणि सकाळी फरशी थंड म्हणून माझ्यावरच ओरडली. मला बरं वाटायचं. घरात कोणीतरी बोलत होतं.

चौथ्या दिवशी ती पिशवी घेऊन दारातल्या खुर्चीत बसली. "चार दिवस झाले. आता टिनं लागले असतीन."

मी म्हटलं, "नाई व, कारागीर येऊन नाई राहिला म्हने. आणखी आठ दिवस लागतीन."

इतकं सहज खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी मी शाळेत असताना ती पायी चालत ऑटोस्टँडपर्यंत गेली. समोरच्या घरातल्या बाईने पाहिलं आणि परत घेऊन आली म्हणून बरं. संध्याकाळी त्या बाई मला म्हणाल्या, "मॅडम, लक्ष ठेवा हो, अशी म्हातारी माणसं हरवतात." दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जाताना गेटला बाहेरून कुलूप लावायला लागले. तेवढ्यावर मन भरलं नाही, म्हणून आणखी एक केलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. तिचं ते कार्ड मी पिशवीतून काढून माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलं. सुरक्षित राहावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. मास्तरीण आहे, समजावून सांगता येतं.

आईने तेव्हापासून भांडणं कमी केलं आणि जेवणही कमी केलं. मी घाबरले. तिला इथे काहीतरी आपलं वाटायला पाहिजे, असा मी विचार केला आणि कोंबड्या आणायचं ठरवलं. जन्मभर तिने कोंबड्या पाळल्या. आमच्या लेआउटमध्ये माझा प्लॉट शेवटचा, मागे मोकळी जागा, त्यापुढे वावरंच. शाळेजवळच्या बाजारातून मी चार तलंगा घेतल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. गावरान, एक काळी, तीन तांबड्या. पाय बांधून पिशवीत घालून घरी आणल्या.

आईने पिशवीत डोकावलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. मग लगेच ओरडली, "ठेवतं कुठी यायले? डोक्यावर?"

खुराडं माझ्या मनात नव्हतंच. मागच्या पडवीत जुना लोखंडी कूलर पडून होता. त्याची मोटार केव्हाच जळलेली, नुसता सांगाडा उरलेला. आईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि मला कामाला लावलं. वाळ्याच्या ताट्या काढल्या, तिथे बारीक जाळी ठोकली, खाली कुटार म्हणजे भुसा पसरला, आडवी एक काठी अडकवली. तिन्ही बाजूंनी पोती शिवून लावली. "उजेड दिसला का भाहीर जायची आठोन येते," ती म्हणाली. "पयले अंधारच पायजे."

मग चुलीचा प्रश्न आला. आमच्या गावात नवी कोंबडी आणली की तिला बगलेत धरून अंगणातल्या चुलीभोवती पाच फेऱ्या मारतात आणि तिचे पाय चुलीच्या राखेत टेकवतात. चुलीने ओळखलं की कोंबडी कुठेही गेली तरी परत येते, असं म्हणतात. चूल दाखवल्याशिवाय कोंबडी घरची होत नाही. आणि माझी चूल म्हणजे ओट्यावरची गॅसची शेगडी, मागे भिंत. फेरी मारणार कशी? आई काळी तलंग बगलेत धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती आणि माझ्या घराची लाज काढत होती. "कशी व चूल तुही? एका बाजूनंच पाया पडा!"

शेवटी मी ओट्याखालचं सिलिंडर ओढून मध्ये आणलं. आईने त्या लाल सिलिंडरभोवती चारही कोंबड्यांना एकेक करून पाच-पाच फेऱ्या मारल्या. राख देवापुढच्या उदबत्तीची घेतली. तिसऱ्या कोंबडीच्या वेळी तिला हसू फुटलं, मग मलाही. दोघी फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. मला वाटलं, जिंकलं आपण.

पुढचे चौदा दिवस आई माझी गुरू झाली. चौदा दिवस दार उघडायचं नाही, हा पहिला नियम. दाणापाणी आतच. दाणे टाकताना रोज एकच हाक मारायची, ती ती ती ती, दुसरी कुठली नाही, म्हणजे त्यांच्या कानाला ती हाक लागते. एका पंखाची लांब पिसं कात्रीने कापायची. दोन्ही नाही, एकाच. दोन्ही कापली तर तोल सावरून थोडी तरी उडते, एकच कापला तर उडता येत नाही. मी कोंबडी धरून बसले आणि आईने पिसं कापली. मला कपाटातलं कार्ड आठवलं.

"त्यायले दुखत नाई का?" मी विचारलं.

"पिसाले काय दुखते? दुखते ते कोंडल्याचं. पयले तीन दिवस खात नाईत, कोपऱ्यात बसून राह्यतात. मंग भूक लागते. भूक कोनाले सुटली हाय?"

ती कोंबड्यांविषयीच बोलत होती. पण मला प्रत्येक वाक्य लागायचं. तिचं जेवण सुटलं होतं आणि परत सुरू झालं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिच्या पद्धतीनेच तिला रुळवत होते. फरक एवढाच की कोंबड्यांच्या बाबतीत तिच्या मनात काही लपवलेलं नव्हतं.

भाऊ मधूनमधून फोन करायचा. एकदा त्याने फोटोही पाठवला. आईच्या खोलीची जागा, नवे लोखंडी खांब, वर निळे पत्रे, खाली ट्रॅक्टर. तिची बाज जिथे होती तिथे मागचं मोठं चाक. खाली त्याने लिहिलं होतं, काम झकास झालं. मी तो फोटो पाहिला आणि फोन उलटा ठेवला. आई समोरच ज्वारीच्या कण्या पाखडत होती.

"कोनाचा होता?"

"शाळेतला."

"भाऊले लावून पाह्य ना. टिनं झाले का इचार."

"लावला होता सकाळी. चालू हाय म्हने काम."

"किती दिवस चालू हाय व काम? घर हाय का राजवाडा हाय त्याचं?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, सुपातले खडे वेचत, "तू काहून कुलूप लावतं गेटले?"

"कुत्रे येतात आई. कोंबड्या हायत ना."

"अच्छा," ती म्हणाली. माझी आई कुठल्या उत्तरावर अच्छा म्हणून गप्प बसणारी नव्हे, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मला सोयीचं तेच मी ऐकलं.

पंधराव्या दिवशी रविवार होता. कोंबड्या सोडायचा मुहूर्त आईने ठरवला. दिवस बुडायच्या तासभर आधी, आणि दुपारचं खाणं न देता. "पोट भरलेलं असलं तं दूर जातीन. भुकेल्या असल्या तं जवळच चरतीन, अन अंधार पडला का आपोआप आत." पाच वाजता तिने जाळीचं दार उघडलं. बराच वेळ कोणी बाहेरच आलं नाही. मग काळी आली, एक पाय उचलून तशीच उभी राहिली, आणि मागोमाग तांबड्या. कुंपणापर्यंत गेल्या, माती उकरली, धूळ अंगावर घेतली. आई खाटेवर बसून त्यांच्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. सूर्य वावरापलीकडे गेला. ऊन विझलं तशा कोंबड्या एकामागून एक कूलरपाशी आल्या आणि कोणी न हाकलता आत गेल्या. शेवटची काळी.

"पाह्य," आई म्हणाली, "आता यायले कोनी दगड मारला तरी इथंच येतीन."

मला इतका आनंद झाला की मी वेडेपणा केला. वेडेपणाच तो. मला वाटलं, तीही रुळली. तिने दोन दिवसांपूर्वी मला महिन्याभराची ज्वारी आणायला सांगितली होती, मागच्या भिंतीला लागून वालाचा वेल लावायचं बोलली होती. परत जायचं असलं तर कोणी वेल लावायचं बोलतं का? रात्रीच्या जेवणाआधी मी कपाटातून आधार कार्ड काढलं आणि गुपचूप तिच्या पिशवीत होतं तिथे ठेवलं. सोमवारी शाळेत जाताना गेटला कुलूप लावलं नाही. आईला म्हटलं, "आता कोंबड्या रुळल्या, कुलपाचं काम नाई." ती म्हणाली, "जाजो सावकाश." दिवसभर मी वर्गात हसत होते, पोरांना आश्चर्य वाटलं असेल.

साडेपाचला घरी आले तर गेट लोटलेलं. कोंबड्या मागे चरत होत्या. आई नव्हती. स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवलेलं, पिशवी नव्हती. मी सगळं समजले आणि तरी उगीच प्रत्येक खोलीत जाऊन हाक मारली. मग भावाला फोन लावला.

"आली होती ना माय," तो म्हणाला. "दुपारी एक-दीडला. काळीपिवळीनं उतरली असन."

"मंग?"

"मंग काय? शेडीपाशी उभी राह्यली थोडा वेळ. चहा घे म्हटलं, नाई म्हने. जेव म्हटलं, नाई म्हने. वापस चालली गेली."

"अन तू जाऊ देल्लं? पोचवून नाई देल्लं?"

"मले काय माईत तू सांगतलंच नाई म्हून? मले वाटलं तिले सगळं माईत हाय. मी तं म्हटलं बी तिले, बाईनं फोटो दाखवला असन ना तुले."

मी फोन ठेवला. त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण कोणत्या तोंडाने देणार? मी गेटमध्ये उभी राहिले. अंधार पडत होता. मागे कोंबड्या आपापल्या आत गेल्या असाव्यात, मी पाहायलाही गेले नाही. सात वाजत आले तेव्हा एक ऑटो थांबला आणि आई उतरली. पायाला धूळ, तोंड सुकलेलं. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने पिशवी दिली नाही.

ती सरळ मागे गेली. खुराड्याचं दार लावलं, आत हात घालून एकेक मोजली, कडी घातली. मग पडवीच्या पायरीवर बसली. मी पाणी आणलं. ते तिने घेतलं, सगळं प्यायली आणि पेला खाली ठेवला.

"टॅक्टर मोठा हाय चांगला," ती म्हणाली.

मी खाली ठेवलेला पेला उचलला.

"तुले माईत होतं."

ती विचारत नव्हती. तरी मी हो म्हटलं. मग मी बोलतच सुटले. तुला दुःख होईल म्हणून सांगितलं नाही, तूच आपणहून म्हणावं असं वाटत होतं, मी तुला काही कमी पडू देणार नाही. माझाच आवाज मला वर्गातल्यासारखा ऐकू येत होता. आईने मध्ये तोंड घातलं नाही. पूर्वीची आई असती तर तिसऱ्याच वाक्याला तिने मला गप्प बसवलं असतं. माझं बोलून संपल्यावर ती शांतपणे म्हणाली,

"कोंबडीले बोलता येत नाई, समजत नाई, म्हून तिले कोंडा लागते. मले तं समजते ना बाई. घर नाई राह्यलं, एवढं सांगतलं असतं, तं दार उघडं असतं तरी मी इथंच बसली असती. मले जायले दुसरं होतंच कोन?"

हेच वाक्य ऐकायला मी महिनाभर खोटं बोलत होते. ते मला मिळालं, पण असं मिळालं.

त्या रात्री ती जेवली. दुसऱ्या दिवशी उठून कोंबड्या सोडल्या, कण्या टाकल्या. आज दीड वर्ष होईल. भावाचा फोन आला की ती बरी हाय म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. गावाचं नाव काढत नाही. गेट दिवसभर उघडं असतं, ती तिकडे फिरकतही नाही. फिल्टरचं पाणी पिते, मऊ गादीवर झोपते. कुकरच्या शिट्टीला दचकते, पण बोलत नाही. समोरच्या बाई म्हणतात, मॅडम, तुमच्या आई छान रुळल्या हो, काही तक्रार नाही त्यांची.

तक्रार नाही हे खरं आहे. जेव म्हटलं की जेवते, औषध घे म्हटलं की घेते. परवा मी मुद्दाम भाजी खारट केली. तिने मुकाट्याने खाल्ली, ताट उचललं आणि घासायला ठेवलं.